पहिल्या भेटीत गप्प

कळसाडी, ता. शहादा,
जि. नंदुरबार
१८ सप्टेंबर

चि. सोनूस,


तुझ्या शिंकांची बातमी तुझ्या आईकडून कळली. न्यू जर्सीत पहिली दोन वर्षं काही झालं नाही आणि यंदा ऑगस्ट निम्मा सरला तसं नाक गळायला लागलं, डोळे खाजतात, रात्री नाक चोंदतं. घरात जो तो आपापलं निदान करतोय. तुझी आई म्हणते, तिकडची हवा बाधली. आबांच्या मते तू धड जेवत नाहीस, म्हणून अंगातली ताकद गेली. ताकद गेलेली नाही गं. उलट अंगातली एक पेशी नको तितकी तत्पर झाली आहे. मी जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलं, तेव्हा हे समजावून सांगायचं काम माझ्याकडेच आलं.

तिकडे या दिवसांत रॅगवीड नावाचं तण फुलतं आणि थंडीचा कडाका पडेपर्यंत त्याचे परागकण वाऱ्यावर असतात. तुझ्या त्रासाची वेळ बघता माझा पहिला संशय त्याच्यावर. हे तण म्हणजे आपल्या बांधावरच्या गाजर गवताचं भाऊबंदच, एकाच कुळातलं. गाजर गवतही मूळचं अमेरिका खंडातलं. पुण्यात ते १९५५ च्या सुमारास नजरेत भरलं आणि बघता बघता देशभर पसरलं. दोघांचे पराग इतके मिळतेजुळते की एकाची अ‍ॅलर्जी असली तर दुसराही बाधू शकतो.

मग पहिली दोन वर्षं काहीच कसं झालं नाही? खरी गोष्ट इथेच आहे.

नाकाचं अस्तर, डोळे, कातडी, श्वासनळी, आतडी, जिथे जिथे बाहेरचं जग अंगाला भिडतं तिथे या तत्पर पेशी, म्हणजे मास्ट पेशी, ठाण मांडून असतात. पॉल एर्लिख या जर्मन तरुणाने १८७८ साली आपल्या प्रबंधात त्या रंगवून दाखवल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या दाण्यांनी ठासून भरलेल्या दिसतात. त्या दाण्यांत हिस्टामिन असतं आणि आणखीही बरंच काही. परागाशी पहिली गाठ पडते तेव्हा या पेशी गप्प असतात. मात्र काहींचं शरीर त्या परागातल्या प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करतं आणि ती मास्ट पेशींच्या अंगावर जाऊन बसतात. शेतातल्या जागल्याला चोराचं वर्णन सांगून ठेवावं, तसंच हे. पुढच्या खेपेला तोच पराग आला आणि शेजारशेजारच्या दोन प्रतिपिंडांना एकदम भिडला, की काही मिनिटांत दाणे बाहेर रिते होतात. हिस्टामिनमुळे बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, सूज येते, खाज सुटते, नाक वाहतं. परदेशी गेलेल्या पुष्कळांचा त्रास म्हणूनच काही वर्षांनी सुरू होतो. तोवर आत तयारी चाललेली असते.

हे आयजीई सापडलं त्यातही तुझ्या रॅगवीडचा हात आहे. डेन्व्हरमध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी जोडप्याने १९६६ साली ते दाखवून दिलं, ते रॅगवीडची अ‍ॅलर्जी असलेल्या रुग्णांच्या रक्तद्रवातूनच.

आता सगळ्या शिंका आणि सगळी खाज एकाच खात्यावर टाकू नकोस. नंदुरबारला पथारीवर वाळत घातलेल्या लाल मिरचीचा वास आला की ठसका लागतो. देठ खुडणाऱ्या बाया तोंडाला फडकं बांधून बसतात. ती अ‍ॅलर्जी नव्हे. मिरचीतलं कॅप्सेसिन थेट मज्जातंतूंना झोंबतं. त्याला ओळखपाळख लागत नाही, पहिल्याच खेपेला कोणालाही झोंबतं. गाजर गवत उपटणाऱ्या माणसाच्या पापण्या, मान, कोपराची घडी खाजून जाड होते, तेही मास्ट पेशींचं काम नव्हे. तिथे टी पेशी नावाच्या वेगळ्या पेशी असतात आणि त्यांचा परिणाम उमटायला दिवस लागतात. पुण्यातल्या या त्वचारोगावर डॉ. लोणकर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९७४ साली लिहिलं होतं. मिनिटांत उठतं आणि काही तासांत विरतं, ते मास्ट पेशींचं. अंगावर पित्त उठल्यावर आजी आमसूल चोळायची, त्या गांधीही बहुतेक वेळा यांच्याच.

मग असली पेशी देवाने दिली कशाला? जंतांशी झुंजायला ती लागते, जखम भरायलाही हातभार लावते. २००६ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर दाखवलं की तिच्या दाण्यांतली विकरं सापाच्या आणि मधमाशीच्या विषाचे तुकडे करतात. आपल्यासारख्या बांधाबांधाने चालणाऱ्यांना हे कळलं तर तिला शिव्या देववणार नाहीत.

आता औषधाचं. सेटिरिझिनची गोळी मास्ट पेशीला आवरत नाही. हिस्टामिन जिथे जाऊन चिकटतं ती जागा ती अडवून धरते. म्हणून शिंकांनी हैराण झाल्यावर घेण्यापेक्षा आधी घेतलेली बरी. झोप येऊ शकते, गाडी चालवताना सांभाळ. पहिला भर ओसरल्यावर चारसहा तासांनी नाक पुन्हा चोंदतं, कारण मास्ट पेशींनी तोवर इतर पेशींना बोलावून आणलेलं असतं. त्यावर डॉक्टर नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे देतील. तो रोज मारलास तरच काही दिवसांनी गुण येतो. एक दिवस मारून ‘उपयोग नाही’ म्हणू नकोस.

माझ्या संशयावर विसंबू नकोस, टेस्ट करून घे. हातावर थेंब टाकून हलकेच टोचतात. ज्याची अ‍ॅलर्जी असेल तिथे पंधरा-वीस मिनिटांत गांध उठते. म्हणजे मास्ट पेशींचं काम तुला उघड्या डोळ्यांनी बघायला मिळेल. त्याआधी काही दिवस सेटिरिझिन बंद ठेवावी लागते, तेवढं विचारून घे. तोवर या दिवसांत खिडक्या लावून घे, कपडे बाहेर वाळत घालू नकोस, घरी आल्यावर केस धू.

आणि एक लक्षात ठेव. परागाने सहसा असं होत नाही. पण खाण्याने, औषधाने किंवा मधमाशी चावल्याने कधी ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली, तर मला लिहीत बसू नकोस. तिथे गोळी पुरत नाही, अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं. सरळ ९११ फिरव. आम्हाला मागाहून कळवलंस तरी चालेल.

तुझी,
आत्या