पुसलेली फीत

दिवाळीच्या आधीची साफसफाई मी जरा भीतभीतच करतो. अडगळ बाहेर काढताना हात थबकतो. त्याला कारण एक कॅसेट आहे. ती गोष्ट ओघाने येईलच. पण इतक्या वर्षांनी तिची खपली निघाली ती एका इंग्रजी मालिकेमुळे.

माझा एक जुना विद्यार्थी इंग्लंडात नोकरी करतो. गेल्या दिवाळीत तो बेळगावला आला, तेव्हा घरी भेटायला आला. बोलता बोलता गाडी 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या मालिकेवर घसरली. काळातून प्रवास करणाऱ्या एका विक्षिप्त डॉक्टरची ही कथा २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. पहिल्या सहा वर्षांत तिचे २५३ भाग झाले आणि त्यांतले पुष्कळसे बीबीसीने स्वतःच्याच हाताने पुसून टाकले!

"जाळपोळ झाली होती का रे?" मी विचारले.

"नाही सर. कपाटं आवरली."

मला हसू आले. पण तो पुढे सांगू लागला तसतसे ते मावळले. त्या काळी चित्रणाची फीत फार महाग असे. कलावंतांशी झालेल्या करारांमुळे जुना कार्यक्रम पुन्हा पुन्हा दाखवता येत नसे. घरोघरी व्हिडिओ यंत्रे येतील हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. पुढे रंगीत चित्रे आल्यावर कृष्णधवल मालिकेला परदेशातही गिऱ्हाईक उरले नाही. मग फिती पुसून त्यांवर नवे कार्यक्रम घेतले गेले. परदेशी विक्रीसाठी सोळा मिलिमीटर फिल्मवर प्रती काढल्या होत्या. विक्रीचे हक्क संपल्यावर विक्री विभागाने त्याही निकालात काढल्या. या विभागाला वाटे, मूळ प्रत त्या विभागाकडे असेल. त्या विभागाला वाटे, ती यांच्याकडे असेल. १९७८ च्या सुमारास हे थांबले, तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते.

म्हणजे यात खलनायक कोणीच नाही. आपापले काम चोख करणारी, जागा आणि पैसा वाचवणारी माणसे! मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून जुने दप्तर निकालात काढण्याच्या कागदांवर मीही सह्या केल्या आहेत, त्यामुळे मी गप्प राहिलो.

पण खरी गोष्ट इथून पुढची. या हरवलेल्या भागांच्या मागावर चाहत्यांची एक पिढीच्या पिढी लागली. कोणत्या देशाला कोणते भाग विकले, तिथून ते पुढे कुठे गेले, परत आले की नाही, याचे तर्क ही मंडळी वर्षानुवर्षे लढवत आली आहेत. बाहेरच्यांना हे खूळ वाटेल. पण १९८३ मध्ये लंडनच्या क्लॅपहॅम भागातील एका चर्चच्या तळघरात दोन भाग मिळाले. १९९१ च्या अखेरीस हाँगकाँगच्या एका दूरचित्रवाणी कंपनीकडे 'द टूम ऑफ द सायबरमेन' या कथेचे चारही भाग मिळाले. फिलिप मॉरिस नावाच्या शोधकाला नायजेरियातील जॉस शहराच्या प्रक्षेपण केंद्रात फिल्मचे डबे धूळ खात पडलेले आढळले. त्यांतून नऊ हरवलेले भाग परत आल्याचे ऑक्टोबर २०१३ मध्ये जाहीर झाले. त्या वेळी तर जवळजवळ सगळेच भाग सापडल्याची वावडी उठली होती. प्रत्यक्षात त्यानंतरही ९७ भाग हरवलेलेच राहिले.

आणखी एक नवल ऐका. हरवलेल्या भागांचे चित्र नसले तरी आवाज सगळ्यांचा आहे. कारण त्या काळी काही शाळकरी पोरे टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून भाग नोंदवून घेत असत. जॉन कुरा नावाचे एक छायाचित्रकार पडद्यावरच्या चित्रांचे फोटो काढून कलावंतांना विकत. तेही उपयोगी पडले. या आवाजावर आता हलती रेखाचित्रे बसवून काही कथा पुन्हा उभ्या केल्या आहेत. काही रंगीत मालिकांच्या कृष्णधवल प्रतीच उरल्या होत्या. त्यांत मूळ रंगाची खूण बारीक ठिपक्यांच्या रूपाने राहिली होती. ती वाचून 'डॅड्स आर्मी' या विनोदी मालिकेचा एक भाग २००८ मध्ये पुन्हा रंगीत दाखवला गेला.

"उरलेले कुठेतरी असतीलच, सर," तो उठताना म्हणाला. "प्रती बाहेरगावी गेल्या होत्या ना!"

त्या रात्री मला झोप आली नाही.

१९९१ साली मी नवा शिक्षक होतो. सुट्टीत एका दुपारी मी आईच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर घेतल्या. ती आजोळची, खानापूरकडची बोली. मध्येच एखादा कानडी शब्द असा सहज येई की दोन भाषांतला सांधा कळू नये. तीन वर्षांनी शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलींच्या नाचासाठी गाणे उतरवून हवे होते. महिनाअखेर होती, कोरी कॅसेट आणायला खिशात पैसे नव्हते. आई तर घरातच होती. ओव्या काय, पुन्हा घेऊ! मी तीच कॅसेट वापरली. नाच छान झाला. पुन्हा घेऊ म्हणता म्हणता राहून गेले, आणि १९९७ मध्ये आई गेली. ही गोष्ट मी आजवर घरात कोणालाही सांगितलेली नाही.

मात्र त्या रात्री एक आठवले. कॅसेट पुसण्याआधी खानापूरचा मामेभाऊ ती चार दिवस घेऊन गेला होता. त्याने प्रत केली असेल का? तर्क तर तर्क! पुढच्या रविवारी मी बस पकडली.

त्याने माळ्यावरून पत्र्याची ट्रंक काढली. आत पस्तीस-चाळीस कॅसेटी, बहुतेकांवर नावच नाही. खानापूरच्या पावसाने कित्येक फितींवर पांढरी बुरशी चढलेली. जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणला आणि ऐकायला बसलो. भजने निघाली, नाट्यगीते निघाली, एका बारशातला गलका निघाला. आई निघाली नाही.

पलंगावर बसून मामी हे सगळे बघत होती. पंच्याऐंशी वर्षांची. ती म्हणाली, "अरे, तिचा आवाज आता कुठला यायचा? पण शब्द हायत की माझ्याकडं. एकाच जात्यावर बसायचो आम्ही."

मी मोबाईल तिच्यासमोर धरला. ती थांबत, आठवत, चुकत गात राहिली. अकरा ओव्या झाल्या. आवाज आईचा नव्हता. तशी स्वतःची समजूत मी घालणारही नाही. पण तो सांधा तोच होता, आणि तो कानडी शब्दही नेमका त्याच जागी आला.

त्या नोंदीच्या पाच प्रती करून मी पाच गावी पाठवल्या आहेत. आणि ट्रंकेतल्या नऊ कॅसेटी अजून ऐकायच्या राहिल्या आहेत. मामेभावाला बजावून आलो आहे, यंदाच्या दिवाळीत माळा आवरू नकोस.