आईचे कान आणि माझा हॉल

नव्या घरी राहायला आल्यावर तिसऱ्या आठवड्यात आई चालू गाण्यातून उठून आत गेली. मी किशोरीताईंचा भूप लावला होता. "शब्द लागत नाहीत गं. नुसता घुमतो आवाज," एवढंच म्हणाली. मी तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. वयोमानाने ऐकू थोडं कमी येतं, असं त्यांनी सांगितलं आणि तिथेच माझा शोध संपला. पुढचं दीड वर्ष मी सगळा दोष आईच्या कानांवर टाकत राहिले. माझ्या चुकांमधली ही सर्वांत मोठी. बाकीच्या चुकांत फक्त पैसे गेले.

पुण्यातल्या फ्लॅटमधली आमची गाण्याची खोली १२ बाय १० फुटांची होती. पाच इंची वूफरचे दोन बुकशेल्फ स्पीकर आणि त्यांच्यासमोर सात फुटांवर आम्ही दोघी. भिंतीला पुस्तकांची कपाटं, खाली सतरंजी, कॉटवर गादी. तानपुऱ्याची तार न् तार वेगळी कळायची. साताऱ्याजवळ घर बांधताना मोकळा हॉल हवा, हा हट्ट माझाच. ३० बाय २० फूट, स्वयंपाकघराला भिंत नाही, जिना हॉलमधूनच वर जातो, बागेकडे काचेची सरकती दारं, खाली गुळगुळीत टाइल्स. जिन्याची पोकळी सोडली तरी जुन्या खोलीच्या पाचपट जागा. तेच स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना ठेवले आणि सोफा समोरच्या भिंतीला, १४ फुटांवर.

आवाज अशक्त वाटला, म्हणून ४० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर काढून ८० वॉटचा आणला. वॉट दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात वॉट दुप्पट केले की जेमतेम ३ डेसिबल वाढतात. उलट, उघड्यावर अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल घटतात. खोलीत घट थोडी कमी असते, कारण भिंतींवरून परतलेला आवाज भर घालतो. पण शब्द गढूळ करतो तोही हाच. माझ्या स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वॉटला स्पीकर किती मोठ्याने वाजतो ते, ८४ डेसिबल छापलेली होती. ९० डेसिबलच्या स्पीकरला तेवढ्याच आवाजासाठी चौथा हिस्सा वॉट पुरले असते. तो आकडा मी वाचला होता, पण त्याचा अर्थ कुणाला विचारला नव्हता.

मग टॉवर स्पीकर घ्यायचे ठरवले. दुकानातली ऐकण्याची खोली लहान, जाड पडद्यांची, गालिचा अंथरलेली. दोन जोड्या ऐकल्या आणि जी भरदार वाटली ती घेतली. ती नुसती जास्त मोठ्याने वाजत होती, हे आता कळतं. दोन्हींचा आवाज सारखा करून मग तुलना करायची असते. घरून स्वतःचं गाणं नेलं नाही आणि स्पीकर चार दिवस घरी लावून बघू का, असंही विचारलं नाही. ९० हजार रुपये देऊन आले.

घरी आणल्यावर जाण्यायेण्याच्या वाटेत नकोत म्हणून दोन्ही टॉवर कोपऱ्यांत सारले. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून खर्ज फुगवतात. डग्गा सोफ्यावर नुसता घुमायचा आणि जेवणाच्या टेबलाशी गेलं की नाहीसा व्हायचा. आईला तर आता पूर्वीपेक्षाही कमी कळत होतं.

डोळे उघडले ते गणपतीत. भजनी मंडळाच्या बायका आल्या. सोफा बाहेर काढला, हॉलभर सतरंज्या आणि गाद्या घातल्या, तीसेक जणी दाटीवाटीने बसल्या. माइक नव्हता. आई कडेला टेकून बसली होती आणि प्रत्येक अभंगाबरोबर तिचे ओठ हलत होते. रात्री म्हणाली, "आज सगळं कळलं बघ."

तेच कान होते आणि तोच हॉल. बदललं होतं ते एवढंच, की हॉलमध्ये कापूस, कापड आणि माणसं होती. त्यानंतर मी वाचायला लागले. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कुणाला समजत नव्हतं, तेव्हा वॉलेस सॅबाइन हे भौतिकीचे प्राध्यापक जवळच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून रात्री प्रयोग करत. जागा जितकी मोठी तितका आवाज जास्त वेळ रेंगाळतो आणि तो शोषणाऱ्या वस्तू वाढवल्या की लवकर विरतो, हा नियम त्यातून निघाला. आपल्या बैठकींत गाद्या, लोड, तक्के असत आणि माणसं गवयाच्या अगदी पुढ्यात बसत. मी हॉल मोकळा करताना हे सगळंच घालवलं होतं.

टॉवर निम्म्याहून कमी किमतीत विकले. त्यांच्यात खोट नव्हती. हॉलभर पाहुण्यांसाठी गाणं वाजवायचं असेल तर जास्त सेन्सिटिव्हिटीचे, मोठ्या वूफरचेच स्पीकर लागतात. पण मला हॉल भरायचा नव्हता, आम्हा दोघींना ऐकायचं होतं. हा प्रश्न मी खरेदीआधी स्वतःला विचारायला हवा होता. आता जुनेच बुकशेल्फ स्पीकर स्टँडवर, भिंतीपासून तीन फूट पुढे, एकमेकांपासून सात फुटांवर आहेत. खुर्च्या त्यांच्यापासून आठ फुटांवर, मधे जाड लोकरी गालिचा, काचेच्या दारांना दुहेरी पडदे, खुर्च्यांमागे पुस्तकांची कपाटं. मोठ्या हॉलमध्ये जुनी खोली पुन्हा मांडली, म्हणा ना.

डॉक्टर चुकले नव्हते. आईला कमी ऐकू येतंच. पण कमजोर कानांना आवाज जास्त स्वच्छ लागतो, आणि मी तिला दीड वर्ष गढूळ आवाज देत राहिले. हे मी तिला सांगितलं, तिची माफी मागितली. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याआधीच येऊन खुर्चीत बसली आणि म्हणाली, "तो भूप राहिलाय ऐकायचा. लाव."