फिरते दफ्तर

सातारा जिल्ह्यातील माण-खटाव आणि सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी हा अवर्षणाचा पट्टा ज्याने वैशाखात एकदा पाहिला असेल, त्याला तेथील माणसे परमुलखात पोट शोधण्यास का गेली हे विचारण्याची गरज पडत नाही. परंतु त्यांनी पत्करलेला व्यवसाय सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा असावा, आणि कुसळांच्या माळावरून निघालेल्या या माणसांच्या भट्ट्या केरळ-तमिळनाडूपासून थेट उत्तर हिंदुस्थानापर्यंत सराफांच्या गल्लीबोळांत पेटलेल्या असाव्यात, याचे नवल मात्र कोणालाही वाटावे. यांना गलाई व्यावसायिक म्हणतात. विटा हे त्यांचे माहेर आणि एका अर्थी राजधानी. त्यांपैकी काही घरांचे हिशेब ठेवणे व करांची विवरणपत्रे भरणे हा माझा उदरनिर्वाहाचा धंदा असून, बिऱ्हाड साताऱ्यात, वडिलार्जित घर सांगलीत आणि अशिलांची घरे वाटेत विट्याला, अशा त्रिस्थळी यात्रेत माझे दिवस जातात. अशिलांची दुकाने मात्र त्रिशूर, कोइमतूर अशा ठिकाणी. त्यांतली निम्मी मी डोळ्यांनी पाहिलेलीही नाहीत.

या धंद्याचा हिशेब किराणा दुकानासारखा सरळ नसतो. सराफाकडून मोडीचे दागिने येतात. ते वजन करून मुशीत वितळवतात, त्यात चांदी मिसळून पुन्हा गाळतात आणि मग नायट्रिक आम्लात टाकतात, म्हणजे चांदी व तांबे आम्लात विरघळतात आणि तळाशी उदी रंगाची, पाहणाऱ्याला मातीच वाटावी अशी, शुद्ध सोन्याची भुकटी राहते. ती पुन्हा वितळवली की लगड होते. आलेले वजन, गाळल्यावर आलेली घट, टंच, परत दिलेले शुद्ध वजन, मजुरी, आणि आम्लातून परत काढलेली चांदी, इतकी कलमे प्रत्येक नगामागे लिहावी लागतात. आणि मिलिग्रॅमची चूक झाली तरी ती चूक न राहता संशय होऊन बसते, कारण माल दुसऱ्याचा असतो. गलाईवाल्याचे खरे भांडवल त्याची पत हेच होय.

जुन्या काळी हा सारा मजकूर लाल कापडी बांधणीच्या चोपड्यांत लिहिला जाई आणि त्या चोपड्या दिवाळीला अथवा गावच्या जत्रेला येणाऱ्या माणसाबरोबर ट्रंकेत बसून गावी येत. वर्षभराची कीर्द-खतावणी तेव्हा एकदम उलगडे. मधल्या काळात दुकान नफ्यात आहे की बुडाले, हे घरच्यांना मनिऑर्डरीच्या आकड्यावरून ताडावे लागे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि ही निवांत वहिवाट एका फटक्यात मोडली. सोन्यावर ३ टक्के, मजुरीवर ५ टक्के, विक्रीचे विवरण एका तारखेला, कराचा भरणा दुसऱ्या तारखेला, अशी महिन्याच्या महिन्याला हजेरी सुरू झाल्यावर दिवाळीची वाट पाहणे शक्य राहिले नाही.

तेव्हा मी जे साधन जवळ केले ते निव्वळ फुकट मिळते म्हणून केले, हे सांगण्यात मला संकोच वाटत नाही. संगणकावर चालणाऱ्या हिशेबाच्या विकत घ्यावयाच्या प्रणाली उत्तम आहेत; परंतु सहा फूट रुंदीच्या दुकानात जिथे भट्टी, तराजू आणि दोन पोरे यांनाच जागा पुरत नाही, तिथे संगणक ठेवावा कोठे? मोबाइल मात्र प्रत्येकाच्या खिशात होता. म्हणून प्रत्येक दुकानासाठी गूगल शीट्समध्ये एक पत्रक तयार केले. दुकानातला पोऱ्या नग आला की त्यात ओळ भरतो, पावतीचे छायाचित्र ड्राइव्हमधल्या त्या महिन्याच्या फोल्डरमध्ये टाकतो, आणि मी एसटीच्या खिडकीशी बसून ते तपासतो. कोणी कोणते कलम केव्हा बदलले याची नोंद पत्रक स्वतःच ठेवते, ही गोष्ट एखाद्या करड्या फडणिसालाही मान्य व्हावी अशी आहे. मजुरी यूपीआयने आली असेल तर तिचा पडताळा बँकेच्या उताऱ्याशी होतो. विवरणपत्र भरण्याचे सरकारी संकेतस्थळही विनाशुल्क. आणि तगाद्याचे काम व्हॉट्सॲप बिझनेस करते, ज्यात नेहमीचा मजकूर एकदा लिहून ठेवला की दोन अक्षरांत पाठवता येतो. तगादा यंत्राने केला की देणाऱ्याला रागही थोडा कमी येतो, असा माझा अनुभव आहे.

अडते ते ओटीपीपाशी. कराड सोडून गाडी कडेगावच्या रस्त्याला लागली आहे, मुदतीचा शेवटचा दिवस आहे, विवरणपत्र सादर करण्यासाठी लागणारा सहा आकडी अंक त्रिशूरच्या मालकाच्या मोबाइलवर गेला आहे, आणि मालक हातमोजे घालून आम्लाच्या भांड्यापाशी उभा आहे. तो हात धुऊन अंक वाचून दाखवीपर्यंत इकडे चढ येतो आणि रेंज जाते. शेजारचे आजोबा माझ्या तोंडाकडे पाहून सहानुभूतीने म्हणाले, “घरात कोण आजारी हाय का?” त्या दिवसापासून मी सादर करण्याचे काम विट्याच्या स्टँडवर उतरून, चहा घेऊनच करतो.

दफ्तर हिंडते असणे या मुलखाला नवे नाही. मराठ्यांच्या स्वाऱ्यांबरोबर चिटणीस-फडणीस आणि त्यांची कागदपत्रे चालत असत, आणि मुक्काम पडला की दौलतीचा कारभार तंबूत सुरू होई. फरक इतकाच, की त्या दफ्तराचा धनी कोण याविषयी कोणास शंका नसे. आमच्या फुकट दफ्तराविषयी ती शंका राहते, आणि तिचे प्रत्यंतर एका घराला फार कडवट रीतीने आले. मी त्यांचे काम हाती घेण्यापूर्वीच दुकानाचे पत्रक मालकाच्या पुतण्याने स्वतःच्या खात्यावर तयार केलेले होते. पुढे चुलत्या-पुतण्यात बिनसले, पुतण्याने पलीकडच्या गल्लीत स्वतंत्र भट्टी घातली, आणि एके सकाळी सगळ्यांना कळून चुकले, की धंदा चुलत्याचा असला तरी हिशेबाचे पुस्तक यंत्राच्या लेखी पुतण्याचे आहे. त्याने वाटणीची परवानगी काढून घेतली की चुलत्याच्या पडद्यावर काही उमटत नाही. कंपनीकडे दाद मागावी तर फुकटच्या गिऱ्हाइकाला कचेरीच नसते. अखेरीस विट्याच्या म्हाताऱ्या आजींनी दोघांना जत्रेच्या जेवणावर एका ताटाशी बसवले तेव्हा ते पत्रक हस्तांतरित झाले. आता मी प्रथम दुकानाच्या नावाने खाते उघडवतो, आणि परवलीचा शब्द हरवल्यास ज्या क्रमांकावर विचारणा जावी तो क्रमांक दुकानातला न देता गावच्या घरातला देतो.

भाऊबंदकीच्या बाबतीत या साधनांची एक उणीवच उपकारक ठरली, तेही नमूद केले पाहिजे. झूमची विनामूल्य बैठक चाळीस मिनिटांनी आपोआप बंद पडते. तीन प्रांतांत पांगलेल्या भावांची भागीदारीची बोलणी तिच्यावर ठेवली, की पहिली पंचवीस मिनिटे उणीदुणी निघतात, मग कोणीतरी घड्याळाकडे पाहतो आणि उरलेल्या वेळात मुद्द्याचे बोलणे होते. तासभर चालणाऱ्या गूगल मीटवर हीच बोलणी ठेवून पाहिली, ती फिसकटली.

कागदावरची माझी निष्ठा मात्र अद्याप गेलेली नाही, आणि ती आंधळी राहिलेली नाही याचे कारण सांगलीचा महापूर. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेने आयर्विन पुलापाशी ५७ फुटांची पातळी ओलांडली, तिथे धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. पाणी ओसरल्यावर आमच्या ओळखीच्या एका हळदीच्या अडत्याच्या गच्चीवर मी गेलो तेव्हा त्याच्या चोपड्या उन्हात उलगडून ठेवल्या होत्या. पाने एकमेकांना अशी चिकटलेली, की सोडवू जाता शाईचा थर एका पानावरून दुसऱ्यावर उतरे आणि कोणाचे येणे कोणाच्या नावावर गेले ते कळेना. हरिपूरच्या ज्या पेवांत जमिनीखाली हळद वर्षानुवर्षे सुरक्षित राहत असे, त्यांत २००५ च्या पुराचे पाणी शिरले होते, आणि जमिनीवरचा विश्वास तेव्हाच डळमळला होता. आता कागदावरचाही डळमळला. आकाशातल्या दफ्तराला पूर येत नाही. पण ते भरते. पंधरा जीबीची मोफत जागा पावत्यांनी जितकी व्यापत नाही तितकी सुप्रभातीच्या फुलांच्या चित्रांनी व लग्नांच्या चित्रफितींनी व्यापते, आणि एक दिवस ई-पत्रेच येईनाशी होतात. कायद्याने हे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून बहात्तर महिने जपावे लागतात. इतक्या काळात एखादी परदेशी कंपनी आपले धोरण किती वेळा बदलील, याची हमी कोणी द्यावी? म्हणून दर तिमाहीला एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक छापून, अशा दोन प्रती मी सांगलीच्या घरातल्या वरच्या मजल्यावर ठेवतो.

परंतु या सगळ्या खटाटोपातून जे निष्पन्न झाले त्याची कल्पना मला आरंभी मुळीच नव्हती. खात्याचा क्रमांक गावच्या घरातला दिला, तेव्हा ते खातेही त्या मोबाइलवर जोडून ठेवले, आणि पत्रक घरातही उघडू लागले. आणि ज्या बायकांनी आयुष्यभर “धंदा बरा चाललाय” एवढेच ऐकले होते, त्यांना तो कसा चालला आहे हे रोज संध्याकाळी दिसू लागले. विट्याच्या एका घरातली सून वाणिज्य शाखेची पदवीधर. लग्नानंतर दोन मुले आणि सासूबाईंची औषधे यांत तिची पदवी कपाटात पडली होती. एकदा मी तासगावच्या गाडीत असताना तिचा फोन आला: “काका, मंगळवारच्या ॲसिडचं बिल ह्यांनी टाकलंच नाही, आणि त्या दिवशीची घट रोजच्यापेक्षा जास्त दिसतीय. मी तो रकाना पिवळा करून ठेवलाय. मी विचारलं तर भांडण हुईल, तुम्हीच विचारा.” मी विचारले. वजन करताना पोऱ्याने मुशीला चिकटलेला कण सोडवलाच नव्हता. मूस फोडली तेव्हा सोने सापडले. पुढच्या महिन्यापासून पत्रकाची पहिली तपासणी तिच्याकडे गेली, आणि शेजारच्या दोन घरांची पत्रकेही ती पाहू लागली. माझे काम निम्मे झाले, आणि तिच्या यजमानांच्या मते दुकानातली शिस्त दुप्पट.

गेल्या मार्चअखेरीस तिने मला नेमका प्रश्न केला: हे काम ती करते, तर त्याचा मोबदला कोणत्या खात्यावर पडावा? यजमान फोनवरून म्हणाले, “घरातलं माणूस, त्यात पगार कसला?” मी त्यांना सांगितले, की आप्ताला दिलेला पगार कामाच्या मानाने रास्त असेल तर आयकर कायदा तो धंद्याचा खर्च म्हणून मान्य करतो, आणि बाहेरचा हिशेबनीस ठेवला तर तो यापेक्षा जास्त मागेल. सासूबाई मागून म्हणाल्या, “लिवा की मग.” एप्रिलपासून पगार खात्यावर तिचे नाव पडले आहे, रक्कम दर महिन्याच्या पाच तारखेला यूपीआयने तिच्या स्वतःच्या बँक खात्यात जाते, आणि तिचे विवरणपत्र भरण्यासाठी तिने माझ्याकडे फी विचारली तेव्हा मीही ती सांगितली.