उलटे हात

लहानपणी मी दांडू उलट्या हातांनी धरायचो. उजवा हात वर, डावा खाली. विटी लांब जायची, म्हणून गल्लीत कुणी हरकत घेतली नाही. शाळेत बॅट हाती आली आणि पीटीच्या सरांनी पट्टी उगारून हात सरळ करायला लावले. झाले सरळ. पण आजही खराटा हाती घेतला की ते मुकाट्याने जुन्या जागी जातात.

त्यामुळे पापवा सेवगोलमचा फोटो पाहिला तेव्हा नजर आधी त्याच्या हातांवर गेली. गोल्फची काठी त्याने अशीच धरलेली! डर्बनचा हा भारतीय वंशाचा पोरगा बीचवूड क्लबवर गोऱ्यांच्या बॅगा वाहायचा. खेळ त्याने बघून बघून उचलला. त्याचे हात सरळ करायला कुणी सर नव्हते. कॅडीला कोण शिकवतो? त्याच हातांनी त्याने १९५९ची डच ओपन जिंकली, मग १९६० आणि १९६४ची. पहिल्या खेपेला त्याला युरोपात नेणारा ग्रॅहम वुल्फ हा ‘ऑइल ऑफ ओले’ क्रीमचा जनक. क्रीमचा पैसा इतका सत्कारणी क्वचितच लागला असेल.

१९६३मध्ये डर्बन कंट्री क्लबवर तो नाताळ प्रांताची ‘नाताळ ओपन’ जिंकला. वर्णभेदाच्या राज्यात विजेत्यालाच क्लबहाउसमध्ये मज्जाव! गोरी मंडळी आत, हा बाहेर. करंडक भर पावसात त्याच्या हाती ठेवला गेला. त्या क्षणाचा फोटो जगभर छापला गेला आणि दक्षिण आफ्रिकेवरच्या क्रीडा बहिष्काराच्या चळवळीला चेहरा मिळाला.

सगळे या फोटोपाशीच थांबतात, याचा मला राग येतो. १९६५च्या नाताळ ओपनमध्ये पापवाने चक्क गॅरी प्लेअरला मागे टाकलं. प्लेअर म्हणजे त्याच वर्षी यूएस ओपन जिंकून चारही मोठ्या स्पर्धा नावावर करणारा जगातला तिसरा गोल्फर. पाऊस, करंडक, सहानुभूती हे सरकारला एक वेळ चाललं असतं; हे कसं पचणार? देशातल्या स्पर्धांची दारं त्याला बंद झाली. पासपोर्टही काढून घेतला, म्हणजे बाहेर जाऊन खेळायची वाटही संपली.

१९७८मध्ये तो गरिबीतच गेला. डर्बनमधल्या एका गोल्फ मैदानाला आता त्याचं नाव आहे. पावसातल्या फोटोत पापवा बिचारा दिसतो. १९६५च्या निकालात तो निव्वळ गोल्फर आहे, आणि प्लेअरच्या वर आहे. मला विचाराल तर त्याची ओळख करून देताना आधी तो निकाल सांगावा.