टिटवीची चार अंडी

गेल्या जूनमधील एका रविवारी मुलांना घेऊन आम्ही आमच्या गाडीने कारंजा जलाशयाकडे निघालो. निमित्त भाचीच्या फोनचे. ती दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर राष्ट्रीय उद्यानात स्वतः गाडी चालवत फिरून आली होती. तेथे डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरची मर्यादा, रस्ता सोडायला मनाई आणि ठरावीक जागा सोडल्यास गाडीतून उतरायचे नाही. "मामा, सगळे सिंहामागे धावतात. आम्ही मात्र इंजिन बंद करून झुडपाजवळ बसायचो. दहा मिनिटांत पाखरं आपणहून बाहेर यायची!" ती म्हणाली.

मी हे ऐकले, पण ध्यानात ठेवले नाही.

माळावर पोहोचताच मुलगा ओरडला, "बाबा, काळवीट!" दूर एक काळा नर आणि चार-पाच माद्या चरत होत्या. जवळून दाखवावे म्हणून मी गाडीवाट सोडून गवतात गाडी घातली. तोच एक टिटवी आरडाओरडा करत गाडीवर घिरट्या घालू लागली. मी तरीही पुढेच. शेवटी हिने दरडावले, "अहो, थांबा! ती काहीतरी सांगतेय."

मुलीने खाली उतरून पाहिले. चाकापासून वीतभर अंतरावर, खड्यांमध्ये चार अंडी होती. मातकट रंग, त्यावर काळे ठिपके. काड्यांचे घरटे नाही, नुसता उथळ खळगा. माझ्या पोटात गोळाच आला. मुलगी वाट दाखवत गेली आणि आलेल्या चाकोरीवरूनच मी गाडी मागे घेतली. काळवीट केव्हाच पसार झाले होते.

मग गाडीवाटेवर, बाभळीखाली, इंजिन बंद करून बसलो. चालत्या माणसाला पाखरे बुजतात, उभ्या गाडीला तितकी नाही. काही वेळाने टिटवी लांबवर उतरली, थांबत थांबत आली आणि अंड्यांवर बसली. तेवढ्यात बाभळीवर काळापांढरा, तुरेवाला पक्षी दिसला. चातक! पावसाच्या तोंडावर कितीतरी चातक आफ्रिकेतून समुद्र ओलांडून भारतात येतात. मुलगा म्हणाला, "ताईच्या आफ्रिकेतला पाहुणा!"

त्या दिवशी मुलांनी वहीत नावे लिहिली. मराठीत काळवीट, कन्नडमध्ये कृष्णमृग. मराठीत टिटवी, कन्नडमध्ये टिट्टिभ.

विद्यार्थी मित्रांनो, टिटवी साधारण मार्च ते ऑगस्टमध्ये उघड्या जमिनीवर अंडी घालते. माळावर गाडी, सायकल वा क्रिकेटचा डाव नेताना ती डोक्यावर ओरडू लागली, तर जागीच थांबा, पायाखाली पाहा आणि आल्या वाटेने मागे फिरा. पालकांनो, मोठे दाखवण्याच्या घाईत लहान चिरडू नका.

"बाबांनी अंडी फोडलीच असती," असे माझा मुलगा वर्गात सर्वांना सांगतो. ते खरे आहे, म्हणून मीच लिहून टाकले.