वडूजच्या विहिरीतला ज्वालामुखी

दोस्तांनो, भर उन्हाळ्यात वडूजला गेलात तर येरळा नदीत पाणी शोधू नका. बहुधा वाळूच दिसेल! सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्याचं हे मुख्य गाव दुष्काळी पट्ट्यात येतं. म्हणून इथं खोल खोल विहिरी खणतात. अशीच एक अर्धवट खणलेली विहीर बघायला मी गेलो होतो.

"जपून हां पाव्हणं," मळ्याचे मालक आबा म्हणाले. "पाषाण लई चिवट. सुरुंग लावल्याबिगर फुटत न्हाई."

मी वाकून पाहिलं. वर माती, खाली मुरूम, मग काळा कातळ. त्याखाली विटेसारखा तांबडा पट्टा आणि पुन्हा काळा कातळ!

हा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तापलेला रस थरावर थर पसरत गेला. तांबडा पट्टा म्हणजे दोन थरांमधल्या शांत काळात तयार झालेली माती.

आबांचा नातू एकदम म्हणाला, "काका, त्यो ज्वालामुखी परत जागा झाला तर?"

भिऊ नकोस बाळा! तेव्हापासून आपला भारत उत्तरेकडे सरकत आला आणि ती तापलेली जागा मागे राहिली. अनेक शास्त्रज्ञांच्या मते ती आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. हे बेट म्हणजे समुद्राच्या तळापासून उठलेल्या प्रचंड ज्वालामुखीचा पाण्यावर आलेला माथा! तिथला 'पितों द ला फुर्नेझ' आजही वरचेवर लाव्हा ओकतो.

१९७७ साली हा लाव्हा एका गावात शिरला. घरं गेली, पण माणसं आधीच हलवल्यामुळे वाचली. त्यानंतर १९७९ साली तिथं वेधशाळा उभी राहिली. ज्वालामुखी जागा होण्याआधी खुणा देतो. आतला रस वर सरकताना खडक तडकतात आणि बारीक बारीक धक्के बसतात. डोंगर किंचित फुगतो. बाहेर पडणारे वायू बदलतात. यंत्रं या खुणा रात्रंदिवस टिपतात.

आपल्या सातारा जिल्ह्यात आता ज्वालामुखी नाही, पण धक्के मोजणारी यंत्रं मात्र आहेत! ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं दगावली. तो ज्वालामुखीमुळे झाला नव्हता. धरणातल्या पाण्याशी त्याचा संबंध आहे, असं शास्त्रज्ञ मानतात. पुढे अभ्यासासाठी कोयना भागात तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं. तेव्हा कळलं, की तिथं आपला काळा कातळ सुमारे सव्वा किलोमीटर जाड आहे. भूकंप कधी होईल, हे मात्र अजून कुणालाच नेमकं सांगता येत नाही. म्हणून तर प्रत्येक लहान धक्क्याची नोंद ठेवायची.

नातवानं विहिरीतून निघालेला एक काळा दगड माझ्या हातात ठेवला. "रियुनियनचा भाऊ!" तो म्हणाला.

तुमच्या गावातही विहीर खणत असतील, तर मोठ्या माणसांबरोबर जाऊन बघा. किती थर दिसतात, ते मोजा बरं!