हरणीचे पथ्य

आमच्या मुरुडात कुत्रे एकट्या घरधन्याचे असे क्वचितच असते. ज्याच्या दारी ते बांधलेले, त्याचे नाव त्याला लागते एवढेच. त्याच्या पोटाचा बंदोबस्त सारी गल्ली मिळून करते, आणि जेवून हात धुण्यापूर्वी भाकरीचा शेवटचा चतकोर दारातल्या मुक्या जनावरापुढे टाकणे हा येथे दानधर्म नव्हे, नित्याचा रिवाज समजला जातो. हा रिवाज किती खोल मुरलेला आहे हे, आमच्या हरणीच्या कातडीस ॲलर्जीचा विकार जडून पशुवैद्यांनी तिच्या आहारावर निर्बंध घातले, तेव्हा मला प्रथम नीट उमगले.

हरणी कारवानी जातीची. चाकूर तालुक्यातल्या जानवळहून आणलेली, जेथे ही शिकारी जात पिढ्यानपिढ्या सांभाळली जाते. लांब मुस्कट, आत ओढलेले पोट, आखूड केस आणि पातळ कातडी, असा तिचा घाट असल्यामुळे अंगावरचे काही लपत नाही. ऐन तारुण्यात ती पायाच्या बोटांमधली जागा रात्रंदिवस चाटू लागली, तेथले पांढरे केस लाळेने तांबूस झाले. पुढे काखा आणि पोट लाल होऊन आले, कानांस आंबूस दर्प येऊ लागला. औषधे सांगणाऱ्यांची वाण नव्हती. कोणी लिंबाचा पाला सांगितला, कोणी खोबरेलात कालवलेला गंधक, आणि एकाने तर ट्रॅक्टरचे जळके ऑइल डबाभर आणूनच दिले. हे ऑइल खेड्यापाड्यांतून सर्रास लावतात. परंतु कुत्रे अंग चाटते आणि ते विष पोटात जाते, एवढा साधा विचार कोणी करीत नाही.

अखेर तिला उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेले. तेथल्या डॉक्टरीणबाईंनी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, खरजेचे किडे नाहीत याची खातरजमा केली, पिसवा व गोचिडांचा शोध घेतला, कानांतल्या बुरशीवर औषध दिले, आणि मग माझी जबानी घ्यावी तशी तिच्या खाण्याची बारीकसारीक चौकशी केली. खाज केवळ पावसाळ्यात नसून बारमाही आहे, हे ऐकून त्यांचा संशय आहारावर स्थिरावला. "पण ती तर पिल्लू असल्यापासून दूध-भाकरीच खाते," असे मी म्हणताच त्या म्हणाल्या, "काका, म्हणूनच तर संशय. शरीर ज्याला ओळखतं त्याच्यावरच उलटतं. पहिल्यांदा खाल्लेल्यावर नाही."

ही गोष्ट आमच्या समजुतीच्या नेमकी उलट होती. अन्नातील प्रथिनांशी वारंवार संबंध येत गेल्यावरच प्रतिकारशक्ती त्यांच्याविरुद्ध सिद्ध होते. म्हणून वर्षानुवर्षे निर्वेधपणे पचलेला पदार्थच एके दिवशी बाधू लागतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात असा विकार ठरलेल्या २९७ कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यांत ३४ टक्क्यांस गोमांस, १७ टक्क्यांस दूधदुभते, १५ टक्क्यांस कोंबडी व १३ टक्क्यांस गहू बाधत होता. रक्ताच्या तपासणीवर या बाबतीत भिस्त ठेवता येत नाही. मार्ग एकच: पूर्वी कधीही न खाल्लेले एखादे प्रथिन आणि एखादे पिष्ट निवडून आठ आठवडे त्यावाचून दुसरे काहीही पोटात जाऊ द्यावयाचे नाही, आणि उतार पडल्यास जुने पदार्थ एकेक करून परत देऊन गुन्हेगार हुडकावयाचा. प्रथिनांचे बारीक तुकडे करून ती शरीरास ओळखूच येऊ नयेत असे सिद्ध केलेले तयार खाद्यही मिळते, परंतु त्याची किंमत ऐकून मी तो विषय तहकूब केला.

घरात दूध-भाकरी आणि गल्लीत कोंबडीची हाडे व अंडी, हा हरणीचा आजवरचा खुराक. तेव्हा नवे प्रथिन म्हणून मासा आणि पिष्ट म्हणून रताळी ठरली. मासा मांजरा धरणातला, उकडून काटे काढलेला, ना मीठ ना मसाला. माझी आई माळकरी. तिच्या चुलीवर मासा शिजणे अशक्य. तो शेतातल्या कोठ्यावर सालगड्याच्या बायकोने शिजवावा असे ठरले. आईला माशाचे एवढे वाटले नाही, दुधाचे वाटले. "मुक्या जनावराचं दूध तोडायलास व्हय? दुधानं बी कुणाला बाधतंय का?" असे तिने विचारले, आणि बरे, ताक तरी, म्हणून तिने तडजोड पुढे केली. पण ताकात दुधातली साखर थोडी कमी होते, प्रथिने तीच राहतात. आणि खाज उठते ती प्रथिनांनी.

माझा सारा जन्म तहसिलीच्या दफ्तरात गेलेला असल्यामुळे मी दारावर नोटीस लावली: 'सदर कुत्रीस कोणीही कसल्याही प्रकारचे खाद्य देऊ नये.' गल्लीतल्या पोरांनी ती मोठ्याने वाचली, आणि वाचता वाचता हातातले बिस्किट हरणीपुढे धरले. तेव्हापासून बाहेर निघताना तिच्या तोंडाला बैलाचे असते तसले मुसके आले. महिनाभरात काखांतली लाली ओसरली, रात्रीचे खाजवणे थांबले.

आणि मग येळवस आली. मार्गशीर्षातल्या या अमावास्येस लातुराकडची गावेच्या गावे ओस पडून शिवारात जातात. कडब्याच्या कोपीत पांडवांची आणि लक्ष्मीची पूजा होते, भज्जी, उंडे, खीर यांच्या पंगती उठतात, वाटेवरच्या अनोळखी माणसासही जेवल्यावाचून जाऊ देत नाहीत, आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील उभ्या पिकावर शिंपडीत रानाला फेरी घातली जाते. त्या दिवशी कुत्र्याला उपाशी ठेवणे कोणाच्याच मनाला पटले नसते, म्हणून मी तिला मुसक्यासकट जवळ बाळगले होते. परंतु मुसक्याच्या जाळीतून तोंड शिरत नसले तरी जीभ बाहेर येते. शिंपणारे पुढे गेले तशी ती मागून हरभऱ्याच्या ओळींतून फिरली आणि पानांवरचे आंबिलीचे पांढरे थेंब तिने एकेक करून टिपले. दोन-चार दिवसांत पाय चाटणे पुन्हा सुरू झाले.

पथ्य नव्याने आरंभावे लागले. पण तपासास एक धागा मिळाला. आंबिलीत संशयित दोनच, ज्वारी आणि ताक. भाकरीच गुन्हेगार निघाली तर काय, या चिंतेने आईला ग्रासले. मराठवाड्यात भाकरी तोडलेले कुत्रे जगवावयाचे तरी कशावर? म्हणून मुदत पुरी होताच प्रथम ज्वारी परत दिली. काही झाले नाही. अंडे दिले, तेही निर्दोष ठरले. मग दूध दिले, आणि आठवडा उलटण्यापूर्वीच पोट लाल झाले. दूध बंद करताच ते निवळले. कोंबडीची परीक्षा मात्र मी घेतलीच नाही. ती आमच्या घरची नव्हे.

आता तिला भाकरी, अंडे, मिळेल तेव्हा मासा आणि चमचाभर करडईचे तेल मिळते. खाज समूळ गेली असे मी म्हणणार नाही. श्रावणात दमट हवेबरोबर ती थोडी परतते. आहाराची आणि हवेतल्या कणांची अशा दोन्ही ॲलर्जी एकाच जनावरात नांदू शकतात, असे डॉक्टरीणबाई सांगतात, आणि तेवढ्यापुरत्या त्या गोळ्या देतात.

गल्लीचा बंदोबस्त मात्र आईने केला. दूध-भाकरीचा वाडगा घेऊन कोणी दारात आले की ती सांगते, "तिनं पंढरपुराला दूध सोडलंय." माझ्या नोटिशीस न जुमानणारी माणसे हे ऐकून निमूट वाडगा परत नेतात. शेजारच्या एका वृद्धेने तर हरणीने कोणत्या एकादशीस सोडले, असेही मला विचारले. मी आईकडे बोट दाखवून मोकळा झालो.